चिठ्ठीचा खालचा भाग

रविवार, ५ ऑक्टोबर

इतिवृत्तात मत लिहायचं नसतं, घडलं ते लिहायचं असतं. बत्तीस वर्षं विद्यार्थ्यांना आणि त्यानंतर संघातल्या बायकांना मी हेच सांगत आले. आता मला मत लिहायची गरज पडली आहे, म्हणून ही वही. हिच्यावर संघाचा शिक्का नाही आणि हिला अनुमोदक लागत नाही.

पुण्याहून नकार आला. चार ओळींचा. त्यातली एक ओळ उतरवून ठेवते: "विदर्भ विभागाच्या भावनांचा आम्हाला पूर्ण आदर असून योग्य वेळी त्यांचा विचार केला जाईल, तोवर संघाची एकता टिकवणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे."

भावना. मी आकडे पाठवले होते.

आकडे असे. राज्य महिला ग्रंथपेटी संघाची महाराष्ट्रात शहाण्णव केंद्रं आहेत. शंभर पुस्तकांची एक लोखंडी पेटी, ती केंद्राकेंद्रातून फिरते. जिथे ग्रंथालय नाही, किंवा असूनही बायका तिथवर जात नाहीत, तिथे पेटी जाते. शहाण्णवांपैकी चोवीस केंद्रं आमच्या विभागात, म्हणजे एक चतुर्थांश. राज्य कार्यकारिणीत पंधरा जणी. आमच्या किती? एक. ती मी.

पेट्या पुण्यात भरतात. आमच्यापर्यंत येईस्तोवर पुस्तकांच्या कडा मऊ झालेल्या असतात. आणि येतात कधी, तर मे महिन्यात, कारण तिकडे मे म्हणजे वाचनाची सुट्टी. नागपुरात मे म्हणजे सेहेचाळीस अंश. पुस्तक बदलायला कोण बाहेर पडणार? हे मी एकोणीस वर्षं सांगते आहे.

वर्षातली एक बैठक नागपूरला घ्यायची, असा जुना ठराव आहे. तीही ते डिसेंबरात घेतात. पन्नास मिनिटं बैठक, मग संत्री, मग जंगलात वाघ. करार पाळला गेला.

माझे यजमान अनंत म्हणाले, "तू वर्गात नागपूर करार शिकवायचीस, तो असाच होता ना?" मी म्हटलं, असाच. एके काळची राजधानी, तिला वर्षातून एक अधिवेशन.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पुरावा सापडला. धंतोलीच्या ऑफिसात सकाळपासून परत आलेली पेटी क्रमांक नऊ तपासली. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी असते, पुस्तक ज्या केंद्रात जाईल तिथला शिक्का आणि तारीख तिच्यावर पडते. पुस्तक क्रमांक एक्केचाळीसची चिठ्ठी सर्वांत बोलकी. जून २०२१ला पुण्यात पेटी भरली. पुण्याचे अकरा शिक्के, मुंबईचे पाच. आमच्या धंतोली केंद्राचा शिक्का मे २०२३चा. तेवीस महिने!

ही चिठ्ठी मागणीपत्राला जोडणार. चिठ्ठीला चिठ्ठी चिकटवत नेल्यामुळे ती हातभर लांब झाली होती, झेरॉक्सच्या काचेवर मावेना. खालचा भाग आपल्या मुद्द्याचा नव्हता, तो मागे दुमडला. छान स्पष्ट प्रत निघाली.

त्याच पुस्तकात एक संतापजनक प्रकार. शेवटची सोळा पानं गायब, आणि त्या जागी वहीचे कागद डकवून निळ्या शाईत कोणीतरी स्वतःच्या मनाने शेवट लिहिला आहे! खाली नाव नाही. सार्वजनिक पुस्तकाची ही दशा. वाचला नाही. कोणाचं काम आहे ते शोधायला आमची चिटणीस हिमानी हिला सांगितलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

विभागीय कार्यकारिणीची तातडीची बैठक. नऊच्या नऊ हजर. कुही केंद्राच्या गोपिकाबाई मोटघरे आमच्या बैठकीला निमंत्रित असतात, म्हणजे येऊ शकतात, बोलू शकतात, मत देत नाहीत. त्यांना कळवता आलं नाही, बैठक दोन दिवसांत ठरली आणि कुहीहून यायचं म्हणजे एसटीचा खटाटोप.

ठराव असा. राज्य कार्यकारिणीत जागा केंद्रांच्या संख्येप्रमाणे, म्हणजे आमच्या चार. आणि दर चार पेट्यांतली एक आम्ही भरू, आमची पुस्तकं आम्ही निवडू, आमचं वेळापत्रक आम्ही ठरवू. घटनेप्रमाणे विभागातल्या दोन तृतीयांश केंद्रांच्या सह्या असल्या तर पुण्याला हा विषय डिसेंबरच्या बैठकीत घ्यावाच लागतो. चोवीसपैकी सोळा. मुदत ३० नोव्हेंबर. मार्चमध्ये माझी मुदत संपते आणि घटनेप्रमाणे मला पुन्हा उभं राहता येत नाही. म्हणजे यंदा नाही तर माझ्या हातून नाही.

उन्नती म्हणाली, "सुमे, कशाला अर्ज-विनंत्या? वेगळा विदर्भ संघच काढू."

मी म्हटलं, "फुटून निघायला अक्कल लागत नाही. राहून मागायचं आहे."

उन्नती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, विभागाची उपाध्यक्ष. तिला माझी वाक्यं पाठ आहेत, तरी तिने मान डोलावली.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीत पंधरा दिवस गेले. शहरातल्या अकराही केंद्रांच्या सह्या झाल्या. आज नरखेडच्या शोभाताई आल्या, सोबत अर्धं पोतं संत्री. मागणीपत्र न वाचताच सही केली. बारा. मग म्हणाल्या, "गोपिकाबाईनं केली का जी सही?"

"होईल. का?"

"नाई, इचारलं. आमच्याकडच्या बाया तिलेच पुसतात."

ही बातमी मला नवीन. अध्यक्ष मी आहे.

राहिलेली बाराही केंद्रं शहराबाहेरची. त्यांतून चार हव्यात. रविवारी कुहीला जाते, हिमानी गाडी काढेल.

रविवार, २ नोव्हेंबर

कुहीला जाऊन आले. लिहून काढल्याशिवाय जेवण जाणार नाही.

हिमानी मिहानमधल्या कंपनीत नोकरी करते, रविवारी संघाचं काम. रस्त्याने दोन्ही बाजूंना धान कापून पडलेला होता. मी बाराची वेळ दिली होती, सगळ्या वाचक बायकांना जमवा म्हणून निरोप होता. बारा वाजता घरापुढच्या छपरीत एक मांजर होतं. गोपिकाबाई साडेबाराला शेतातून आल्या, डोक्याचा शेला सोडत. अठ्ठावन्नच्या असाव्यात. पूर्वी अंगणवाडी चालवायच्या.

"बसा जी बाई. बाया वावरात आहेत. कापनी सोडून कोन येईन?"

मी मागणीपत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, ओळीवर बोट ठेवून. मेचा मुद्दा आला तिथे थांबल्या.

"मे महिन्यात तुमाले जमत नाई."

"कसं जमेल? ऊन केवढं असतं."

"आमच्याकडं पेटी जुलैत येते. दिवाळीले परत न्याले मानूस येते. जुलैत धानाचा रोवना, आता कापनी. वाचाव कवा? आमाले तं उन्हाळाच पाह्यजे. उन्हाळ्यात हाताले काम नसते."

मी म्हटलं तो वेळापत्रकाचा तपशील आहे, पुढे बघू. आधी पुण्याकडून अधिकार मिळू द्या.

"मिळाला तं कोनाले मिळन?"

"विभागाला. आपल्याला."

"आपल्याले म्हनजे नऊ जनीले. त्या नवात नागपूरच्या किती?"

हिमानीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सगळ्या. कारण बैठका नागपूरला असतात. तुम्ही निमंत्रित आहातच."

"आहो ना जी. बारा तारखेची बैठक मले चौदाले कळली."

मग म्हणाल्या, नवात तीन जागा बाहेरच्या केंद्रांना द्या, आणि एक पेटी उलट्या बाजूनं फिरवा, आधी कुही, भिवापूर, नरखेड, मग नागपूर. तेव्हा सही. मी सरळ सांगितलं, ही वेळ आपसात भांडायची नाही. आपण फुटलो तर पुण्याला तेच हवं आहे.

"आमी कुटी फुटून राहिलो? आमी तं जागा मांगून राहिलो." आणि हसून, "जेवून जाता ना? अंभोऱ्याले नाई जायचं का आज? दर साली जाता ना बैठक झाली का. नाव सांगून ठेवू का नाववाल्याले?"

हा टोमणा होता. केंद्रभेट वर्षातून एकदा असते आणि इतक्या लांब आल्यावर संगमावर जाऊन येण्यात गैर काय? निघताना त्यांनी दरवर्षीसारखी नव्या तांदळाची पिशवी दिली. घेतली. न घेणं बरं दिसलं नसतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

झोप नीट झाली नाही. पंचवीस वर्षं उन्हातान्हात पेट्या पोचवल्या त्या कोणी? कुहीचं केंद्र सुरू केलं कोणी? मी. उद्घाटनाला नारळसुद्धा मी नेला होता.

अनंतला सगळं सांगितलं. ए. जी. ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते शब्दकोडी सोडवतात आणि मान वर करत नाहीत. म्हणाले, "तुझ्या पंधरात तू एक. त्यांच्या नवात त्या किती?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"असेल," म्हणाले. "भात छान झालाय."

रविवार, ९ नोव्हेंबर

बैठक. मी गोपिकाबाईंचं म्हणणं जसंच्या तसं मांडलं, हे माझं कर्तव्य होतं. नऊजणींत एकच सूर. खेड्यातल्या बायकांना बैठकीचं काम येत नाही, फोन लागत नाही, जाणं-येणं कोण करणार. हिमानी म्हणाली, "मॅडम, फोन तर आता सगळ्यांचा लागतो. आणि पुण्याची बैठक आपण लॅपटॉपवर करतोच ना?" उन्नती म्हणाली, "तू अजून नवीन आहेस." हिमानीला सात वर्षं झाली.

ठरलं की गोपिकाबाईंना कायम निमंत्रित करावं. दरवर्षी नव्याने पत्र पाठवायला नको. मत अर्थातच नाही. मला वाटतं, हा सन्मानाचा मार्ग आहे.

पत्र मीच लिहिलं. घरी अनंतला वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि हसले. कारण विचारलं तर म्हणाले, "काही नाही, भाषा ओळखीची वाटली." माझी भाषा त्यांना पन्नास वर्षं ओळखीची आहे. पत्रातला मुख्य भाग नोंदवते: बाहेरच्या केंद्रांच्या भावनांचा कार्यकारिणीला पूर्ण आदर आहे, योग्य वेळी त्यांचा विचार होईल, सध्या विभागाची एकता महत्त्वाची.

सोबत मागणीपत्राची आणि चिठ्ठीची प्रत जोडली, म्हणजे प्रकरणाचं गांभीर्य कळेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाराच्या बाराच सह्या. भिवापूरला फोन केला, "गोपिकाबाईशी बोलून घ्या जी." मौद्याला केला, तेच. रामटेकने उचललाच नाही.

अठरा दिवस उरले.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी बेल वाजली. दारात गोपिकाबाई. एसटी, मग ऑटो, मग आमच्या प्रतापनगरातली तीन घरं चुकून चौथ्याला. हातात मी पाठवलेला लिफाफा. पाणी दिलं, चहा टाकला. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत, जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स पुढे पसरली. खालच्या कडेला आडवी काळी रेघ होती तिच्यावर बोट ठेवलं.

"हा कागद कोनी दुमडला जी?"

"मी. खालचा भाग मुद्द्याचा नव्हता."

"खाली आमी होतो," त्या म्हणाल्या.

चहा उतू गेला. मी गॅस बंद करून आले तोवर त्या अनंतशी बोलत होत्या, अगदी सहज.

"एक्केचाळीस नंबर. मले पक्कं आठवते. बारा जुलैले आलं, रोवन्यात. चिखलाच्या हातानं बायाईनं वाचलं. अन् शेवट नव्हता त्याले."

मी म्हटलं, "पानं तुमच्याकडेच निघाली असतील. इतकं हाताळल्यावर."

"नाई जी. आलं तसंच आलं. पंचवीस बाया मांगं लागल्या, मंग काय झालं, मंग काय झालं. एकीनं तं जेवन सोडलं. म्या म्हटलं, थांबा वं, सांगते. अन् लिवला."

"म्हणजे ते तुमचं अक्षर."

"मंग काय. वाचलं का तुमी?"

अनंतने विचारलं, "काय केलंत शेवटी? लग्न झालं का तिचं?"

"कायले जी? वावर तिच्या नावानं करून देल्लं."

अनंत खो खो हसले. बाई जायला निघाल्या तेव्हा दाराशी म्हणाल्या, "सही करतो आमी बाराजनी. तीन जागा देजा, एक पेटी उलटी फिरवजा. अन् हा कागद पूर्ण लावजा. नाई तं पुन्याले कोन सांगन का आमी पन आहो म्हनून?"

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी आठला धंतोली. ऑफिस मीच उघडलं. पुस्तक काढलं आणि चिठ्ठी पूर्ण उलगडली.

धंतोली, मे २०२३. त्याखाली शहरातले आणखी सहा शिक्के. मग पुन्हा धंतोली, २९ जून २०२४, सही माझी. मग कुही, १२ जुलै २०२४. आमच्याकडे पुस्तक चौदा महिने होतं.

त्या दिवशी चिठ्ठी दुमडताना हे शिक्के मला दिसले असतील. दिसले असणारच. वाचल्याचं आठवत नाही.

मग कपाट उघडलं, दुरुस्तीचा खण. लिफाफा पहिल्याच गठ्ठ्यात होता. माझं अक्षर: "पेटी ९, पु. ४१, पाने २०९ ते २२४ सुटी, बांधणीसाठी. हरवू नयेत म्हणून काढून ठेवली. २९ जून २०२४."

हरवली नाहीत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दिवसभर घरात फेऱ्या. अनंत म्हणाले, बस. बसवत नाही.

हिमानीला फोनवर सगळं सांगितलं. ती हुशार आहे, तिने लगेच नेमकं बोट ठेवलं. "मॅडम, तीन जागा दिल्या तर आपल्यात चांगलंच होईल. पण चिठ्ठी पूर्ण लावली तर पुण्याला आयतं मिळेल. तेवीस महिन्यांवर ते आपले चौदा महिने दाखवतील. मग आपली केस राहते का?"

हेच मला रात्रंदिवस खातं आहे. एकोणीस वर्षांनी हातात धड पुरावा आला, तो दुमडूनच धडधाकट दिसतो. दुसऱ्या पुस्तकाची चिठ्ठी लावावी का? पन्नास काढून पाहिल्या. सगळ्या खाली सारख्याच आहेत.

बाहेर अधिवेशनाची तयारी. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, मंत्री जातील त्या रस्त्यांना डांबर. आमच्या गल्लीचा खड्डा तसाच. दरवर्षी मी यावर बोलते. आज बोलले नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

बैठक सव्वातीन तास चालली. मी पूर्ण चिठ्ठी टेबलावर ठेवली, लिफाफा ठेवला. काय झालं ते सांगितलं. मग म्हटलं, नवांतल्या तीन जागा बाहेरच्या केंद्रांना द्यायच्या. एक पेटी मार्चपासून उलटी फिरवायची, आधी कुही, हे लगेच मान्य झालं.

जागांचं तत्त्वही सगळ्यांना मान्य. कोणाच्या जागा, हे विचारल्यावर सगळ्या आपापली वही चाळू लागल्या. हे मी वर्गात शिकवलेलं आहे: प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाला कोणाचाच विरोध नसतो, खुर्चीपाशी येऊन ते थांबतं. शिकवायला सोपं होतं.

"पहिली माझी," मी म्हटलं.

उन्नती म्हणाली, "वेडी झालीस का? तू गेलीस तर अध्यक्षपद जातं. राज्य कार्यकारिणीतली आपली एकुलती जागा तुझ्यामुळे आहे. पुण्यासमोर बोलणार कोण?"

"गोपिकाबाई."

"ती? ती काय बोलणार पुण्याच्या बायकांसमोर? मले-तुले करत?"

"माझ्यासमोर बोलली ती."

हिमानीने दुसरी जागा सोडली, चिटणीसपद मात्र तिच्याकडे राहावं असं मी सुचवलं, ते पास झालं. तिसरी जागा कोणी सोडेना. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं आणि नाव आलं उन्नतीचं. तिने पर्स उचलली. "पंचवीस वर्षं पेट्या ओढल्या त्याचं हे फळ. सुमे, तुला तुझ्या चुकीचं प्रायश्चित्त घ्यायचंय, ते घे. माझ्या खुर्चीवर बसून नको घेऊस." दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं.

ती म्हणाली ते खोटं आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

उन्नती फोन उचलत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

चोवीसपैकी तेवीस सह्या. रामटेक राहिलं, तिथली केंद्रप्रमुख मुलीच्या बाळंतपणाला भोपाळला.

गोपिकाबाई सह्यांचे कागद घेऊन स्वतः आल्या. उद्याची मुदत, म्हणून हिमानीने पुण्याला सगळं आज ई-मेलने पाठवलं आणि मूळ प्रत कुरियरने. चिठ्ठी दोन पानांवर पूर्ण आली आहे, वरची आणि खालची. शेवटची सोळा पानं माझ्या कपाटात होती, हेही मी खाली लिहिलं. पाकीट बंद करण्याआधी मी क्षणभर थांबले. दुसरं पान काढून घेतलं असतं तर कोणाला कळलं असतं? गोपिकाबाई समोर बसून संत्रं सोलत होत्या. बघत नव्हत्या. मी पाकीट चिकटवलं.

मग त्यांना लिफाफा दिला, पाने २०९ ते २२४. म्हटलं, "ही माझ्याकडे होती. माझ्या कपाटात."

त्यांनी पाहिलं, तारीख वाचली. पानं पिशवीत टाकली. मी काही बोलायला हवं होतं. "बांधून घेऊ दोन्ही," एवढं म्हटलं.

शनिवार, १३ डिसेंबर

हिवाळी बैठक. शंकरनगरचा हॉल. टेबलाशी पंधरा खुर्च्या, समोर आम्हा सदस्यांसाठी प्लास्टिकच्या. मी तिसऱ्या रांगेत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला टेबलाची मागची बाजू दिसली नाही. हात कुठे ठेवावे कळेना. पुण्याच्या दोघीतिघींनी येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना?

माझ्या खुर्चीत गोपिकाबाई हिरवं लुगडं नेसून, समोर कागद, पेन उघडलेलं. टिपणं काढून देऊ का विचारलं होतं, तर "नोको जी" म्हणाल्या होत्या.

विषय निघाला. पुण्याच्या चिटणीसबाई शांत, गोड बोलतात. त्यांनी चिठ्ठीचं दुसरं पान वर धरलं. हिमानी म्हणाली होती तेच.

"पुस्तक आमच्याकडून तुमच्याकडे यायला तेवीस महिने लागले, मान्य. पण तुमच्याकडेच ते नागपुरात चौदा महिने पडून होतं. शेवटची पानंसुद्धा तुमच्याच केंद्रात काढून ठेवलेली. तुम्ही स्वतः लिहिलंय. मग अधिकार तुमच्या हाती देऊन काय साधणार? तुम्हीच तुमच्या माणसांना न्याय देत नाही."

हॉलमध्ये माना वळल्या. माझ्याकडे. मी उठणार होते. बत्तीस वर्षांची सवय, गुडघे आपोआप सरळ झाले. तेवढ्यात गोपिकाबाई उभ्या राहिल्या.

"ते खालचं आहे ना जी, ते आमी घरी निपटवलं. जुलैची पेटी आता मार्चात येते, अन् मी इथं बसून आहो. आता वरचं राहिलं. ते तुमी निपटवा."

कोणीतरी मागून हसलं. चिटणीसबाई हसल्या नाहीत. त्यांनी अध्यक्षांच्या कानाशी काही सांगितलं. अध्यक्षांनी जाहीर केलं की विषय गंभीर आहे, त्यासाठी पाचजणींची समिती नेमू, ती मार्चच्या सर्वसाधारण सभेला अहवाल देईल. "बसा आता, गोपिकाताई."

"बसते. समितीत कोन कोन?"

"नावं नंतर कळवू."

"मंग नंतर बसते."

त्या उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, पुन्हा बोलल्या नाहीत, पेनाचं टोपण लावलं आणि उभ्याच राहिल्या. पुढचा विषय पुकारला गेला, त्या उभ्या. चहा आला, त्यांनी उभ्याने घेतला. जंगलाच्या गाड्या अडीचला निघणार होत्या. सव्वादोनला नावं वाचली गेली. पाचांत आमच्या दोन.

समिती म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. किती अहवाल किती कपाटांत पडले आहेत याची यादी मी तोंडपाठ सांगेन. मार्चमध्ये चार जागा मिळतील असं मला वाटत नाही. दोन मिळाल्या तर मिळाल्या. पण बैठक पन्नास मिनिटांत संपली नाही. दोन तास पस्तीस मिनिटं चालली. इतिवृत्तात ही वेळ नोंदवायला हिमानीला सांगितलं.

बाहेर पडताना गेटपाशी उन्नती दिसली. आली होती तर, मागे बसली असणार. माझ्याशी बोलली नाही. गोपिकाबाईंना म्हणाली, "पाय दुखले असतील. या, मी सोडते स्टँडवर." आणि दोघी तिच्या गाडीत बसून गेल्या.

मी ऑटोने आले.

रविवार, १४ डिसेंबर

पुस्तक क्रमांक एक्केचाळीस बांधून आलं आहे. गोपिकाबाईंनी पानं परत पाठवताना निरोप दिला होता की आधी छापील शेवट लावा आणि मग त्यांचा, त्यांचा काढू नका, गावातल्या बायका तोच मागतात.

दुपारी दोन्ही वाचले. छापील शेवटात नायिका माहेर सोडून मुंबईला जाते, दागिन्यांचा डबा भावाच्या हवाली करून. निळ्या शाईतल्या शेवटात ती कुठेच जात नाही. भावांच्या समोर ओसरीवर बसते, कागदावर अंगठा देत नाही, दोन दिवस जेवत नाही, आणि वावर तिच्या नावाने होतं.

शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच आहेत. दोन वाक्यं विनाकारण लांब आहेत. सवयीने लाल पेन हातात घेतलं होतं.

चिठ्ठीवर नवी तारीख टाकली आणि पेटी मार्चच्या फेरीसाठी कुहीकडे काढून ठेवली. तिथून ती नागपूरला मेमध्ये येईल. उन्हात कोणी पुस्तक बदलायला येणार नाही, हे कळतं आहे. बघू काय करता येतं ते.